शिपायाचा हक्क आणि विम्याची सवलत

लढाईवरून परत आलेल्या शिपायाचे समाज काय देणे लागतो, हा प्रश्न फार जुना आहे आणि प्रत्येक राष्ट्राने त्याचे उत्तर आपापल्या ऐपतीप्रमाणे व नियतीप्रमाणे दिलेले आहे. कोणी जमीन दिली, कोणी पेन्शन दिली, कोणी नुसता बिल्ला छातीवर लावून बोळवण केली. परंतु आजच्या काळात या जुन्या देण्याशेजारी एक नवे देणे येऊन उभे राहिले आहे. माणूस सैनिक असो वा नसो, त्याच्या आजारपणाच्या खर्चात सरकारने हातभार लावला पाहिजे, हे ते नवे देणे होय. पहिले देणे कृतज्ञतेचे, दुसरे गरजेचे. आता एकाच माणसाच्या वाट्याला ही दोन्ही येत असतील, तर त्याने दोन्ही घ्यावीत, की पहिले मिळते एवढ्यावरून दुसरे त्याला नाकारले जावे?

आपल्याकडेही हा प्रश्न अगदी अलीकडे उपस्थित झाला. २००३ सालच्या एप्रिलपासून आपल्या माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना चालू आहे. २०२४ साली केंद्र सरकारने सत्तर वर्षांवरील सर्व वृद्धांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत घेतले, तेव्हा साताऱ्याच्या एखाद्या वृद्ध सुभेदाराचे काय करावयाचे हे ठरविणे भाग पडले. सरकारने दोन ओळींत निकाल दिला : ज्यांना माजी सैनिकांची योजना लागू आहे, त्यांनी ती ठेवावी किंवा नवी घ्यावी, दोन्ही नाहीत. निकाल सुटसुटीत आहे. अमेरिकेने याच प्रश्नाचे उत्तर देताना जो नियमांचा संसार थाटला आहे, तो मात्र इतका सुटसुटीत नाही. आम्ही आज तोच उलगडून पाहणार आहोत. आपल्या मराठी कुटुंबांपैकी कित्येकांची मुले आता त्या देशाचे नागरिक झाली आहेत व काही तेथील सैन्यातही दाखल होतात, हे एक कारण. आणि माणसाचा हक्क व दप्तरातली त्याची नोंद या दोन वस्तू किती वेगळ्या असू शकतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण, हे दुसरे.

प्रथम दोन्ही संस्थांची ओळख करून घेऊ. यादवी युद्धाच्या अखेरीस, १८६५ साली, लिंकनने दुसऱ्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेताना लढलेल्या माणसाची, त्याच्या विधवेची व पोरक्या मुलाची काळजी वाहण्याचे कर्तव्य राष्ट्राला सांगितले. त्या कर्तव्यातून पुढे जे खाते वाढत गेले, त्याला १९३० साली एका छत्राखाली आणण्यात आले व १९८९ साली मंत्रिमंडळात स्थान मिळाले. यालाच व्हेटरन्स अफेअर्स खाते म्हणतात. आपण त्याला माजी सैनिक खाते म्हणू. या खात्याची स्वतःची इस्पितळे आहेत, स्वतःचे डॉक्टर आहेत, औषधांची स्वतःची कोठारे आहेत. सुमारे नव्वद लाख माजी सैनिकांची नावे त्याच्या आरोग्यसेवेच्या पटावर आहेत. ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की हा विमा नव्हे. विमा म्हणजे दुसऱ्याने केलेल्या उपचाराचे बिल भरणे. येथे सरकार स्वतःच उपचार करते. २०१८ च्या एका कायद्याने घरापासून इस्पितळ फार दूर असेल किंवा फार दिवस थांबावे लागत असेल, तर बाहेरच्या डॉक्टरकडे जाण्याची सोय अधिक रुंद केली; परंतु तेथेही परवानगी खात्याचीच लागते. आणि ही सेवा शिपायाची आहे, शिपायाच्या कुटुंबाची नाही. बायकोमुलांची सोय त्याने अन्यत्र पाहावयाची.

दुसरी संस्था फार तरुण. मार्च २०१० मध्ये अध्यक्ष ओबामांनी अफोर्डेबल केअर अॅक्टवर सही केली आणि १ जानेवारी २०१४ पासून त्या कायद्याखालचा विमा प्रत्यक्ष सुरू झाला. ज्यांना नोकरीत विमा मिळत नाही अशांनी सरकारने उभारलेल्या विमा-बाजारात जावे, तेथे मांडलेल्या योजनांतून एक निवडावी, आणि उत्पन्न बेताचे असेल तर हप्त्याचा काही भाग सरकारने सोसावा, अशी ती रचना. सरकारचा हा वाटा प्राप्तिकरातील सवलतीच्या रूपाने मिळतो. पण वर्षाअखेरीपर्यंत थांबणे कोणाला परवडणार, म्हणून तो दरमहा आगाऊ विमा कंपनीकडे जातो व कराचा हिशेब देतेवेळी त्याचा मेळ घातला जातो. हा मेळ आपल्या कथेत पुढे मोठे काम करणार आहे.

या सवलतीची पहिली अट अशी की ज्याला दुसरीकडून पुरेसे आरोग्यसंरक्षण उपलब्ध आहे, त्याला ती नाही. येथे 'उपलब्ध' या शब्दावर थांबले पाहिजे. मालकाने परवडण्याजोगा विमा देऊ केला आणि नोकराने तो नाकारला, तरी सवलत गेली. देऊ केला एवढे पुरे. पासष्टी उलटलेल्या माणसाला हप्त्यावाचून मिळणारे मेडिकेअर लागू झाले, तरी सवलत गेली. त्याने अर्ज केला नाही ही सबब चालत नाही. म्हणजे सर्वसाधारण न्याय असा : ताट वाढलेले आहे, तू जेवला नाहीस हा तुझा प्रश्न.

हाच न्याय माजी सैनिकांना लावला असता तर काय झाले असते? कोणे एके काळी गणवेश घातला होता म्हणून लक्षावधी लोकांना सवलतीचे दार बंद झाले असते. मग जवळचे इस्पितळ त्यांच्या घरापासून कितीही कोसांवर असो. अमेरिकेच्या कोषखात्याने हे टाळले. नियमात त्याने असे लिहिले की माजी सैनिक खात्याच्या आरोग्यसेवेला जो पात्र आहे, त्याला ती सेवा 'उपलब्ध' आहे असे तेव्हाच मानावे, जेव्हा त्याने तेथे प्रत्यक्ष नाव नोंदविलेले असेल. पात्रता आड येत नाही. नोंदणी आड येते. ज्याचे नाव पटावर नाही, तो सैनिक इतर कोणाही नागरिकाप्रमाणे सवलतीचा विमा घेऊ शकतो. ज्याचे नाव पटावर आहे, त्यालाही विमा-बाजारातून विमा घेण्यास कोणी मनाई करीत नाही. पण त्याने पुरा हप्ता खिशातून भरावा. पूर्णपणे व कायमच्या विकल झालेल्या सैनिकाच्या बायकोमुलांसाठी याच खात्याची चॅम्पव्हीए म्हणून योजना आहे. तिलाही हाच नियम लागू आहे. याउलट, पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्या लष्करी पेन्शनरांना ट्रायकेअर नावाचा जो लष्करी विमा असतो, त्याच्या बहुतेक प्रकारांत पात्रताच आड येते. राखीव दलातील लोकांनी हप्ता भरून घ्यावयाच्या योजनेसारखे थोडे अपवाद वगळले तर. दोन्ही गोष्टी शिपायाच्याच, पण न्याय दोन. अमेरिकन माणूसदेखील येथे गोंधळतो, यात नवल नाही.

वरवर पाहता हा नियम उदार आहे, आणि आमच्या मते तो खरोखरीच उदार आहे. परंतु ग्यानबाची मेख पुढे आहे. नोंदणी म्हणजे वापर नव्हे. एखाद्याने फौजेतून सुटल्यावर, मित्राच्या सांगण्यावरून, अर्जाचा कागद भरून दिला; एकदा कानाची तपासणी करून घेतली; नंतर दहा वर्षे तो त्या इस्पितळाची पायरी चढला नाही. त्याच्या मनातून ती गोष्ट पुसली गेली, पटावरून नाव पुसले गेले नाही. असा माणूस विमा-बाजारात जातो, दुसरे संरक्षण आहे काय या प्रश्नाला प्रामाणिकपणे 'नाही' असे उत्तर देतो, आणि दरमहा काही शे डॉलर आगाऊ सवलत त्याच्या नावे विमा कंपनीकडे जाऊ लागते. इकडे माजी सैनिक खाते नोंदलेल्यांची माहिती नेमाने करखात्याला कळवीत असते. हिशेबाच्या वेळी दोन कागद समोरासमोर येतात आणि सवलत परत करण्याची पाळी येते. पूर्वी बेताच्या उत्पन्नाच्या लोकांना या परतफेडीला कायद्याने एक मर्यादा घालून दिली होती; त्यापलीकडची रक्कम सरकार सोडून देई. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ती मर्यादा २०२६ च्या करवर्षापासून काढून टाकली. विसरलेल्या नोंदीची किंमत आता पै-पैने वसूल होऊ शकते.

मग ज्याला आपले नाव पटावर आहे हे पक्के ठाऊक आहे, त्याने ते काढून घेऊन सवलतीचा विमा का घेऊ नये? कायदा त्याला आडवीत नाही. मोह किती मोठा असू शकतो, हे एका कल्पित हिशेबाने दाखवितो. नवरा माजी सैनिक, नाव पटावर. बायको घरचा छोटा धंदा पाहते. दोघांना विमा हवा आहे. कायदा काय करतो? घरातील सर्वांचे उत्पन्न एकत्र धरून, या कुटुंबाने विम्यासाठी महिना अमुक एक रक्कम सोसावी असे ठरवितो. समजा ती रक्कम चारशे डॉलर आली. मग त्यांच्या भागात 'सिल्व्हर' या मध्यम वर्गातील दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त योजनेचा हप्ता पाहतो व त्यातून चारशे वजा करून उरलेले स्वतः देतो. आता बायकोचा असा हप्ता सहाशे असेल, तर सरकार दोनशे देईल. नवऱ्याने पटावरून नाव काढले, आणि त्याचा हप्ता साडेसहाशे धरला, तर दोघांचे मिळून साडेबाराशे. त्यातून तेच चारशे वजा. सरकारचा वाटा साडेआठशे. म्हणजे कुटुंबाच्या खिशातून दोन्ही वेळी चारशेच जातात! पहिल्या वेळी त्यात एकीचा विमा येतो, दुसऱ्या वेळी दोघांचा. नवऱ्याच्या वाट्याचे उत्पन्न हिशेबात धरले जातेच. तो स्वतः सवलतीबाहेर राहिला म्हणून कुटुंबाचा बोजा हलका होत नाही. हा बारकावा ज्याच्या ध्यानात येतो, त्याला नाव काढून घेणे हा फुकटचा लाभ वाटू लागतो.

तो फुकटचा नाही. पहिली गोष्ट, खासगी विमा हप्ता घेऊन थांबत नाही. कंपनीने खर्चाला हात लावण्यापूर्वी रुग्णाने स्वतः सोसावयाची रक्कम वर्षाला हजारो डॉलरांची असू शकते. खात्याच्या इस्पितळात असली पहिली उडी रुग्णाला मारावी लागत नाही, आणि सेवेतील विकलतेवरचा उपचार तर विनामूल्य असतो. कृत्रिम पाय, श्रवणयंत्र, युद्धाने पोखरलेल्या मनावरचे उपचार, या गोष्टींत त्या खात्याचा जो अनुभव आहे, तो साध्या विमा योजनेच्या यादीत सापडत नाही. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. बाहेर पडलेल्याला पुन्हा आत घेतलेच जाईल असे नाही.

असे का, हे समजण्यासाठी पैशाची वाट पाहिली पाहिजे. विम्याची सवलत ही कायद्याने दिलेली गोष्ट आहे. जितके पात्र लोक येतील तितक्यांना सरकारने ती द्यावयाची, मग खर्च कितीही होवो. माजी सैनिक खात्याच्या इस्पितळांसाठी मात्र काँग्रेस म्हणजे तेथील संसद रक्कम मंजूर करून देते आणि त्या रकमेत बसतील तितक्यांनाच सांभाळावयाचे असते. म्हणून १९९६ च्या कायद्याने नोंदणीची पद्धत आली व माजी सैनिकांची अग्रक्रमाप्रमाणे प्रतवारी झाली. आज असे आठ गट आहेत. पहिल्यात सेवेमुळे पन्नास टक्के वा अधिक विकल झालेले. दुसऱ्यात व तिसऱ्यात त्याहून कमी विकल झालेले, युद्धकैदी राहिलेले, जखमेचे 'पर्पल हार्ट' पदक मिळालेले. मधल्या गटांत घराबाहेर पडू न शकणारे, गरीब, विशिष्ट युद्धांत व विषारी द्रव्यांच्या सान्निध्यात राहिलेले. आणि आठव्यात, ज्यांना सेवेतून काही विकलता आली नाही व ज्यांचे उत्पन्नही ठरावीक मर्यादेवर आहे असे. रांग लांबली की कात्री शेवटच्या टोकाला लागते. तशी ती लागलीही. १७ जानेवारी २००३ रोजी खात्याने आठव्या गटात नव्या नोंदणीस दार लावून घेतले. जे आत होते ते आत राहिले; जे बाहेर होते ते बाहेर. २००९ साली दार थोडे किलकिले करण्यात आले, उत्पन्न मर्यादेहून दहा टक्क्यांपर्यंत जास्त असलेल्यांसाठी. (योगायोग असा की अमेरिकेने हे दार लावले, त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच आपल्याकडे माजी सैनिकांची योजना सुरू झाली.)

आता २००३ पूर्वी नोंद झालेल्या एखाद्या आठव्या गटातील माणसाचा विचार करा. सवलतीच्या मोहाने त्याने नाव काढले. चार वर्षांनी धंदा वाढला, उत्पन्न चढले, सवलत आटली. आणि ही सवलत आटण्याचे निमित्त नेहमी स्वतःचे उत्पन्नच असते असेही नाही. मूळ कायद्यात दारिद्र्यरेषेच्या चौपटीवर सवलत एकदम तुटत असे, २०२१ साली ती तूट तात्पुरती बुजविण्यात आली व सवलत वाढविण्यात आली, पण तीही २०२५ अखेरपर्यंतच. तेव्हा हा माणूस पुन्हा माजी सैनिक खात्याच्या दारी येतो. तेथे त्याची जुनी नोंद पाहिली जात नाही; नवा अर्जदार म्हणून, त्या दिवशीच्या नियमांनी, त्याला तोलले जाते. आणि त्या तराजूत तो कमी भरू शकतो. २०२२ च्या पॅक्ट कायद्याने व त्यापुढच्या निर्णयाने ५ मार्च २०२४ पासून हे दार पुष्कळ रुंद झाले आहे, हे सांगितले पाहिजे : व्हिएतनाम, आखात, इराक, अफगाणिस्तान येथे गेलेल्यांना, तसेच सेवेत कोठेही विषारी द्रव्यांशी संबंध आलेल्यांना, आता थेट नोंदणी मिळते. पण शांततेच्या काळात कचेरीत बसून नोकरी केलेला, बऱ्या उत्पन्नाचा माणूस अजून धोक्यात आहे. पहिल्या गटातला, निम्मे शरीर देशाला देऊन आलेला शिपाई बाहेर पडून परत येऊ शकेल. हा येऊ शकेलच असे नाही.

या विषयाची आणखी एक बाजू आहे आणि आम्हांस तीच सर्वांत अधिक विचार करावयास लावणारी वाटते. ती नोंदणीची नसून उत्पन्नाची आहे. सेवेत आलेल्या विकलतेबद्दल जी भरपाई दरमहा मिळते, तिच्यावर कर नाही. हा करमुक्तीचा मान योग्यच आहे. पण सवलतीसाठी जे उत्पन्न मोजले जाते, ते प्राप्तिकराच्या उत्पन्नावरूनच बेतलेले; त्यामुळे ही भरपाई तेथेही मोजली जात नाही. नव्वद टक्के विकल ठरलेल्या एकट्या सैनिकाला २०२५ च्या दराने महिना बावीसशे डॉलरांहून अधिक मिळत. कायद्याच्या दृष्टीने त्यातून त्याचे उत्पन्न शून्य! पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात याचा फायदा होतो, कारण तेथे गरिबांसाठी असलेली मेडिकेड योजना दारिद्र्यरेषेच्या एकशे अडतीस टक्क्यांपर्यंतच्या सर्व प्रौढांना खुली आहे, आणि मेडिकेड व माजी सैनिक खात्याची सेवा एकत्र चालतात.

टेक्ससमध्ये मात्र हाच मान अंगावर उलटतो. २०१० च्या कायद्याने असे गृहीत धरले होते की सर्व राज्ये मेडिकेड वाढवतील. म्हणून विम्याची सवलत दारिद्र्यरेषेपासून वर सुरू होते, तिच्याखाली नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला. टेक्सस, फ्लोरिडा आदी राज्यांनी मेडिकेड वाढविले नाही. परिणामी मधे एक दरी राहिली. त्या शिपायाची स्वतःची सोय खाते करील. परंतु त्याच्या पत्नीचे काय? तो पूर्णपणे व कायमचा विकल ठरलेला नाही, म्हणून तिला चॅम्पव्हीए नाही. २०२५ च्या मोजणीप्रमाणे दोघांच्या घराची दारिद्र्यरेषा २१,१५० डॉलर. तिने दुकानात काम करून वर्षाला बावीस हजार मिळविले, तर ती सवलतीला पात्र, आणि सवलतही भरघोस. अठरा हजार मिळविले, तर सवलत नाही. आणि पदरी मूल नसेल तर मेडिकेडही नाही. नवऱ्याची भरपाई करपात्र असती, तर हीच बाई रेषेच्या वर गेली असती! ज्या गोष्टीने शिपायाचा मान राखला, तिनेच त्याच्या घरच्या माणसाला कायद्याच्या नजरेत इतके गरीब ठरविले की गरिबांसाठी केलेली मदतही तिच्यापर्यंत पोहोचू नये. हे कोणी जाणूनबुजून केलेले नाही. तीन कायदे तीन वेळी, तीन चांगल्या हेतूंनी झाले आणि ही बाई त्यांच्या सांध्यात सापडली.

पासष्टाव्या वर्षी सवलतीचा प्रश्न मेडिकेअरमुळे मिटतो, पण तेथेही माजी सैनिकाला एक खड्डा आहे. मेडिकेअरचा डॉक्टरी खर्चाचा जो 'बी' भाग, तो वेळेवर घेतला नाही तर उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी चढतो, तोही सहसा जन्मभर. 'मला खात्याचे इस्पितळ आहे' हे उत्तर या दंडातून सोडवीत नाही. औषधांच्या 'डी' भागापुरते मात्र ते सोडवते. एकाच इस्पितळाची नोंद एका रकान्यात पुरेशी आणि शेजारच्या रकान्यात अपुरी!

ज्याने सर्व तोलून पाहिले आणि तरीही खात्यातून नाव काढून सवलतीचा विमा घ्यावयाचे ठरविले, त्याने निदान क्रम चुकवू नये. विमा-बाजाराचे दार वर्षभर उघडे नसते. १ नोव्हेंबरपासून वर्षाअखेरीच्या सुमारास काही आठवडे ते सर्वांना खुले होते. एरवी मध्येच प्रवेश हवा असेल, तर नोकरी जाणे, लग्न, अपत्यजन्म अशी काही कारणे लागतात. असलेले संरक्षण सुटले हेही त्यांपैकी एक कारण आहे, परंतु ते आपल्या हाताने सोडलेले नसावे. तेव्हा मार्च महिन्यात रागाच्या भरात किंवा कोणा विमा-दलालाच्या शब्दावर ज्याने पटावरचे नाव काढले, त्याच्याकडे एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत ना इस्पितळ, ना विमा. नव्या विम्याचा दिवस आधी पक्का करावा, कोणत्या तारखेपासून नाव कमी झाले याचा लेखी कागद खात्याकडून घ्यावा, आणि तो कागद कराच्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवावा. सवलतीचा मेळ महिन्यावार घातला जातो व कोणता महिना कोणत्या बाजूला धरावयाचा, हे त्या तारखेवरून ठरते.